चारशे बासष्टाव्या जागेचा वाद

अहवाल जाडजूड, गुळगुळीत कागदावर छापलेला. नळीत लाळ भरून कुरियरनं पाठवायची, काही आठवड्यांनी असा अहवाल घरपोच येतो. त्यातल्या ‘रोगप्रतिकार जनुके व कर्करोग’ या पानावर एका ओळीला केशरी रंग दिला होता : जनुक आरएनेसेल, फरक आर४६२क्यू, दोन्ही प्रती क्यू, प्रोस्टेट कर्करोगाचा धोका वाढलेला. त्याच पानाच्या तळाशी तीन महिन्यांच्या ‘इम्युनिटी पॅकेज’ची जाहिरात.

मामा म्हणजे माझे यजमान, पण घरात ते सगळ्यांचे मामाच. मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या भावाला, आमच्या दादांना, प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. निघाला तेव्हा तो हाडांत पोचलेला होता. तेव्हापासून हा विषय घरात वावरतो आहे. भाची जीवसांख्यिकीत काम करते. लाखो माणसांच्या जनुकांच्या माहितीतून खरं काय आणि भास काय हे निवडणं तिच्या रोजच्या कामातलं. दोघं भिडले ते त्या केशरी ओळीवरून. मी मध्ये फारशी पडले नाही; पडले तिथं तसं लिहिलं आहे.

मामा : पॅकेज-बिकेज सोड, ते मी घेणार नाही. पण ही ओळ थोतांड नाही. आरएनेसेल मी वर्गात शिकवलेलं आहे.

भाची : कुठल्या विषयात?

मामा : विषाणूंच्या. इंटरफेरॉनचा धडा. विषाणू पेशीत शिरला की बऱ्याचदा दुपदरी आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत तसा तो सहसा नसतो, म्हणून पेशी ओळखते की काहीतरी घुसलंय. मग एक विकर ‘२-५ए’ नावाचे चिमुकले रेणू बनवायला लागतं. ते रेणू आरएनेसेल जनुकातून बनणाऱ्या आरएनेज-एलच्या दोन प्रती एकमेकींना जोडतात, आणि जोडी जमली की ते सुटतं. विषाणूचा आरएनए तोडतं, पेशीचा स्वतःचाही तोडतं. उंदीर झाले म्हणून घराला आग लावावी तसा प्रकार. ती पेशी मरते, शेजारच्या वाचतात. या आरएनेज-एलच्या साखळीत चारशे बासष्टाव्या जागी आर्जिनिन असायला हवं. तिथं ग्लुटामिन, म्हणजे क्यू, आलं की विकर मंदावतं. मरायला हवी ती पेशी जगते. आणि प्रोस्टेट बसलंय कुठं? मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून. तिथं संसर्ग काय कमी पोचतात? यात न पटण्यासारखं काय आहे सांग.

भाची : काहीच नाही. मला त्याचीच धास्ती वाटते. गोष्ट इतकी पटली की माणूस पुरावा जरा कमीच मागतो.

मामा : पुरावाही आहे. १९९६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं होतं. अमेरिकेतली आणि स्वीडनमधली अशी कुटुंबं घेतली होती की एकेका घरात अनेक पुरुषांना हा कर्करोग. त्यातून पहिल्या गुणसूत्रावर एक जागा दिसली, तिला नाव दिलं एचपीसी-१. त्या जागेत कुठलं जनुक आहे ते शोधायला सहा वर्षं गेली. २००२ मध्ये सापडलं ते आरएनेसेल. अशा काही घरांतल्या आजारी पुरुषांत ते मोडलेलं होतं. त्याच वर्षी क्लीव्हलँडच्या दुसऱ्या गटानं आजारी आणि निरोगी भावांची तुलना करून दाखवलं, की चारशे बासष्टाव्या जागी एक क्यू असेल तर धोका दीडपट, दोन असतील तर दुप्पट. नळीत तपासलं तर त्या विकराची ताकद एक तृतीयांशावर आलेली. कुटुंबं, भाऊ आणि रसायन, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. तुझ्या धंद्यात याहून जास्त काय लागतं?

भाची : पुन्हा पाहणं लागतं. ते झालंही. स्वीडनमध्ये, जर्मनीत, जपानमध्ये. कुठं धोका वाढलेला, कुठं काहीच नाही. आणि हे लक्षात घे, क्यू काही दुर्मीळ नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण आठांत एकाच्या दोन्ही प्रती क्यू असतात. इतक्या सर्रास दिसणाऱ्या फरकानं धोका खरंच दुप्पट होत असता, तर पुढच्या मोठ्या अभ्यासांत तो सगळ्यांत आधी उठून दिसला असता. २०२१ च्या एका अभ्यासात एक लाख सात हजारांवर रुग्ण आणि एक लाख सत्तावीस हजार निरोगी पुरुष होते. अख्खा जीनोम चाळून धोक्याशी जोडलेले २६९ फरक निघाले. त्यातले बहुतेक इतके किरकोळ की एकेकट्यानं धोका पाच-दहा टक्क्यांनी हलतो. एवढं बारीक दिसणाऱ्या चाळणीला दुपटीचा धोका दिसला नाही, असं होईल का?

(इथं मामांनी चष्मा काढून पुसला. वर्गात विद्यार्थ्यानं बिनतोड प्रश्न विचारला की ते हेच करायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात.)

मामा : विषाणूचं काय मग? २००६ चा तो शोध? आरएनेसेल विषाणूंशी लढणारं जनुक. त्यांनी सरळ विचार केला, की ते अर्धवट असलेल्या माणसांच्या गाठीत विषाणू शोधावा. आणि सापडला.

भाची : बरं झालं तूच काढलंस. मामी, ही गोष्ट तू ऐकच.

मी म्हटलं, ऐकते, पण मला कळेल अशी सांग.

भाची : सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात जोसेफ डेरिसी यांच्या प्रयोगशाळेनं एक चकती बनवली होती. माहीत असलेल्या सगळ्या विषाणूंच्या जनुकांचे तुकडे तिच्यावर चिकटवलेले. नमुना ओतला की जो विषाणू असेल त्याची जागा उजळते. क्लीव्हलँडच्या प्रोस्टेट रुग्णांच्या गाठी तिच्यावर तपासल्या. एक विषाणू निघाला, उंदरांतल्या ल्युकेमियाच्या विषाणूंचा जवळचा भाऊबंद. नाव पडलं एक्सएमआरव्ही. दोन्ही प्रती क्यू असलेले रुग्ण होते २०; त्यातल्या ८ जणांच्या गाठीत तो होता. बाकीचे होते ६६. त्यातल्या एकाच्याच गाठीत.

मामा : हाच आकडा! हे योगायोगानं होईल?

भाची : नाही होणार. योगायोगाची शक्यता जवळजवळ शून्य. हे गणित मीही करून पाहिलंय.

मामा : मग?

भाची : मग पुढं ऐक. २००९ मध्ये हाच विषाणू क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या रुग्णांत सापडल्याचं आलं, १०१ पैकी ६८ जणांच्या रक्तात. खळबळ उडाली. वर्षानुवर्षं ‘तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत’ असं ऐकत आलेल्या माणसांना एकदम कारण मिळालं. काहींनी तर एचआयव्हीवरची औषधं सुरू केली. २०१० च्या डिसेंबरात अमेरिकन रेड क्रॉसनं या रुग्णांचं रक्त घेणं थांबवलं. तोवर युरोपातल्या प्रयोगशाळा शोधत होत्या आणि त्यांना काही सापडत नव्हतं. शेवटी २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या विनय पाठक यांच्या गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूची जन्मकथाच काढली. १९९० च्या दशकात एका माणसाच्या प्रोस्टेटच्या गाठीचे तुकडे उंदरांमध्ये रोवून वाढवत होते, एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. त्या वेळी उंदरांच्या स्वतःच्या जनुकांत दडलेले दोन अर्धेमुर्धे विषाणू एकत्र जुळले आणि एक्सएमआरव्ही तयार झाला. १९९३ ते १९९६ च्या दरम्यान कधीतरी. त्या गाठीपासून जी पेशींची जात निघाली, २२आरव्ही१, ती जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. पाठकांच्या गटानं त्या गाठीचे सुरुवातीचे जपून ठेवलेले तुकडे काढून तपासले, तर त्यांत विषाणू नव्हता, नंतरच्यांत होता. इतका नेमका जोड दुसऱ्यांदा कुठं अगदी तसाच घडेल, हे जवळपास अशक्य. म्हणजे तो कुणाही माणसाकडून आलेला नव्हता. तो प्रयोगशाळेतच जन्मला आणि तिथूनच नमुन्यांत शिरला.

मी विचारलं, मग ज्यांनी छापलं त्यांनी काय केलं?

भाची : फटीग सिंड्रोमचा लेख ‘सायन्स’नं २०११ च्या डिसेंबरात मागं घेतला. आणि प्रोस्टेटच्या बाबतीत, मला आवडतं ते हे, की मूळ शोध लावणाऱ्यांपैकीच काहींनी जुने नमुने परत काढले, नवे नमुने घेतले, आणि २०१२ च्या सप्टेंबरात स्वतःच छापलं : प्रोस्टेट कर्करोगात एक्सएमआरव्ही नाही, आम्हाला दिसला तो प्रयोगशाळेतला संसर्ग. २००६ चा लेखही तेव्हाच मागं घेतला गेला.

मामा : पण ते ८ आणि १?

भाची : तेच तर सांगतेय. योगायोग नव्हताच. पण आकडेशास्त्र तुला योगायोगापासून वाचवतं, नळीत पडलेल्या डागापासून नाही. विसातले आठ आणि सहासष्टातला एक, हा आकडा पाहून मन म्हणतं की इतकी तफावत म्हणजे खरंच काहीतरी आहे. काहीतरी होतंच. फक्त ते माणसांत नव्हतं.

(मला ही गोष्ट दोघांच्याही बाजूची वाटली. पाठकांच्या गटाकडं जुने तुकडे शिल्लक होते म्हणून निकाल लागला. कुणीतरी फ्रीजरमधलं बिनकामाचं सामान फेकून दिलं असतं, तर आम्ही आजही हाच वाद घालत बसलो असतो, आणि मामा जिंकत असते.)

मामा : ठीक. विषाणू गेला. पण विषाणू खोटा निघाला म्हणून जनुक खोटं होत नाही. २००२ चं काम त्याच्या आधीचं आहे, त्या नळ्यांशी त्याचा काही संबंध नाही.

भाची : हे तुझं बरोबर आहे. मी दोन्हीला एकाच दोरीनं फाशी देत नाहीये. आरएनेसेल पडलं ते विषाणूमुळं नाही, मोठ्या संख्येपुढं टिकलं नाही म्हणून. आणि ते एकटंच नाही. २००२ मध्येच मॅक्रोफेज पेशींवरच्या एमएसआर१ या जनुकाचं आलं, पुढं ओसरलं. मग टोल-लाइक रिसेप्टर, २००४ ला टीएलआर४, २००५ ला टीएलआर ६-१-१० चा जुडगा, दोन्ही स्वीडनमधून. अटलांटिकपलीकडं गेल्यावर चित्र बदललं. इंटरल्युकिन झाली, टीएनएफ झालं. रीतच अशी होती, की आधी जनुक मनात धरायचं, मग पाच-सातशे रुग्णांत तपासायचं, दिसलं तर छापायचं, नाही दिसलं तर खणात. याच काळात ज्या जागेचा कुणाच्या डोक्यात विचारही नव्हता ती निघाली. आठव्या गुणसूत्रावरची ८क्यू२४, २००६ मध्ये, आइसलँड आणि अमेरिकेतल्या माहितीवरून. तिथं जवळपास जनुकच नाही, वाळवंट म्हणतात त्याला. नंतर कळलं, की तिथले तुकडे दूरवरच्या एमवायसी या जनुकाला चालू-बंद करतात. प्रोस्टेटच्या धोक्याची ही सगळ्यांत पक्क्या जागांपैकी एक, आणि ती कुठल्याही धड्यात नव्हती.

मामा : म्हणजे धडे जाळायचे?

भाची : धडे शिकवायला ठेव. पण कर्करोग त्या धड्यांना विचारून होत नाही.

मामा : आता माझं ऐक. तुझी ती लाखांची चाळणी बहुतांश युरोपीय माणसांची आहे. माझ्यासारख्या माणसाचे नमुने तिच्यात किती? आणि ती फक्त सर्रास दिसणारे फरक पाहते. शिवाय तुझ्याच २६९ मध्ये सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए भागाजवळच्या जागा आहेत की नाही? एचएलए म्हणजे प्रतिकारशक्तीचं मुख्य ठाणं. तेव्हा प्रतिकारशक्तीचा संबंध नाही असं तुला म्हणता येत नाही.

भाची : नाही, म्हणत नाही. काही जागा तिकडं आहेत. परिणाम छोटे आहेत.

मामा : छोटे आहेत, पण आहेत. आणि ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. जॉन्स हॉपकिन्सच्या डी मार्झो यांनी १९९९ मध्येच दाखवलंय, की प्रोस्टेटमध्ये सुजेच्या शेजारी झिजलेल्या पण भराभर विभागणाऱ्या पेशींचे पट्टे दिसतात. तिथून पुढं कर्करोगाकडं वाट जात असावी, असा त्यांचा अंदाज. सूज म्हणजे प्रतिकारशक्तीच.

भाची : सुजेचं मी नाकारत नाही. पण तिच्यात एक फास आहे. रक्तातलं पीएसए वाढतं कशानं?

मामा : कर्करोगानं, वयानं, ग्रंथी फुगल्यानं, सुजेनं.

भाची : बघ. सूज आली, पीएसए वाढलं, डॉक्टर म्हणाले बायोप्सी करू. साठीच्या पुढच्या बऱ्याच पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या छोट्या जागा निवांत पडलेल्या असतात, शवविच्छेदनांतून ते कित्येकदा दिसलंय. बायोप्सी केली की त्यातली एखादी हाती लागते. आता ज्या जनुकामुळं सूज जास्त येते, ते जनुक कागदावर ‘कर्करोगाचं जनुक’ ठरतं, खरं तर त्यानं फक्त सुई टोचायची वेळ आणलेली असते. पीएसए हे प्रथिन ज्या जनुकातून येतं त्या केएलके३ जवळच्या फरकांवरून हाच वाद झालेला आहे : धोका खरा वाढतो, की फक्त आकडा वाढतो आणि त्यामुळं शोध जास्त लागतो?

मामा : याचं उत्तर माझ्याकडं आहे. अमेरिकेतली ती फिनास्टेराइड गोळीची मोठी चाचणी आठव, पीसीपीटी. तिथं सात वर्षं झाली की सगळ्यांना बायोप्सी करायची असं आधीच ठरलं होतं, पीएसए कितीही असो. म्हणजे तुझा फास तिथं लागत नाही. त्या चाचणीत गोळीऐवजी नुसती साखर घेतलेल्या गटात, ज्यांच्या निरोगी ऊतीत सूज होती त्यांच्यात कर्करोग जास्त निघाला. उग्र जातीचा तर आणखी जास्त. हे २०१४ चं काम.

(भाचीनं मान डोलावली. वादात समोरच्याचा मुद्दा लागला की ती लगेच मान डोलावते. मामांकडून मात्र मी ते क्वचितच पाहिलं आहे.)

भाची : हे काम चांगलं आहे. पण त्याच वर्षी दुसऱ्या चाचणीतून, ड्युटास्टेराइडच्या, नेमकं उलटं आलं. सुरुवातीच्या बायोप्सीत सूज असलेल्यांना पुढच्या चार वर्षांत कर्करोग कमी.

मामा : दोन्ही बरोबर कसे असतील?

भाची : असू शकतात. दुसऱ्या चाचणीत घेतलेले सगळे पुरुष असे, की ज्यांचं पीएसए आधीच वाढलेलं होतं आणि पहिली बायोप्सी स्वच्छ आली होती. अशा माणसाला सूज असेल, तर त्याच्या वाढलेल्या पीएसएचं कारण सापडलं. सूज नसेल, तर ते वाढलंय कशानं? कदाचित सुईला चुकलेल्या गाठीनं. दारातून कुणाला आत घेतलं त्यावर उत्तर ठरतं. कुणाचा अभ्यास असला, की मी आधी हेच पाहते : माणसं आली कुठून. जनुकाचं नाव नंतर.

मामा : मग निदान एवढं कबूल कर, की धोका आणि आजार पुढं कसा जातो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाठ उगवते कशी याचं कारण वेगळं असेल. उगवलेली गाठ हाडांत जाते की जागेवर बसते, तिथं प्रतिकारशक्ती बोलत असेल. दादाची गेली. शेजारच्या जोशीकाकांची दहा वर्षं आहे तशीच आहे.

भाची : हे मला मान्य आहे. खरं तर मला तिथंच जास्त रस आहे. बहुतेकांचा आजार संथच असतो. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत पीएसएवरून सापडलेले, गाठ ग्रंथीतच असलेले १,६४३ पुरुष होते. शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसतं लक्ष ठेवणं, यातलं काय करायचं ते चिठ्ठी टाकून ठरवलं. पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेटनं गेलेले तीन टक्क्यांहून कमी. तेव्हा ‘कुणाचा आजार उसळणार’ हा प्रश्न ‘कुणाला होणार’ याहून मोठा आहे. आणि त्यावर जे पक्कं उत्तर आहे, ते प्रतिकार जनुकांकडून आलेलं नाही. २०१६ मध्ये आजार पसरलेले ६९२ पुरुष तपासले. त्यांतल्या ११.८ टक्क्यांत जन्मापासून बिघडलेलं डीएनए-दुरुस्तीचं एखादं जनुक निघालं, सगळ्यांत जास्त बीआरसीए२. आजार ग्रंथीतच असलेल्यांत हे प्रमाण ४.६ टक्के. स्तनाच्या कर्करोगामुळं बायकांना माहीत असलेलं बीआरसीए हे तेच.

मामा : दुरुस्तीच्या जनुकांत एमएसएच२ सुद्धा येतं ना?

भाची : येतं.

मामा : ते बिघडलं की गाठीत चुका साठत जातात, विचित्र प्रथिनं तयार होतात, आणि प्रतिकारशक्तीला ती परकी दिसतात. म्हणूनच प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध चालतं. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा गाठींसाठी त्याला परवानगी मिळाली, गाठ कुठल्या का अवयवाची असेना. आलीस ना फिरून माझ्या दारात?

भाची : आले. पण मागच्या दारानं. प्रोस्टेटच्या शंभर रुग्णांत असे जेमतेम दोन-चार. बाकीच्यांवर ती औषधं फारशी चालत नाहीत. प्रोस्टेटची गाठ थंड असते, प्रतिकार पेशी तिच्याकडं ढुंकून बघत नाहीत. तूच म्हणतोस तशी तिथं प्रतिकारशक्ती बोलत असती, तर ती इतकी गप्प का?

मामा : तिला गप्प बसायला कुणी शिकवलं, हाच तर प्रश्न. इंटरफेरॉन लॅम्डा-४ चं वाचलंस? त्या जनुकाचा एक प्रकार हे प्रथिन बनवतो, दुसरा बनवतच नाही. बनवणारा प्रकार आफ्रिकी वंशात खूप, पूर्व आशियात फारच थोडा. हेपटायटिस-सी कुणाच्या शरीरातून आपोआप जातो आणि कुणाच्या नाही, हे त्यावरून ठरतं. ते तर पक्कं आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या लोकांनी मेरीलँडमधल्या रुग्णांत पाहिलं. आफ्रिकन-अमेरिकन पुरुषांत हा प्रकार असणाऱ्यांच्या गाठींत इंटरफेरॉनची खूण होती, आणि ते कमी जगले. यात आधी मनात धरलेली गोष्टही आहे आणि माणसांचा पाठपुरावाही.

भाची : वाचलंय. छान काम आहे. एका राज्यातल्या रुग्णांतलं आहे.

मामा : पुन्हा तेच!

भाची : पुन्हा तेच. २००२ सालीही छानच काम होतं.

इथं मात्र मी पडले. म्हटलं, तुमचं मेरीलँड राहू दे. यांनी काय करायचं? वय चौसष्ट, सख्खा भाऊ आजारी, आणि हातात हे केशरी पान.

भाची : पान बाजूला ठेवायचं, मामी. त्या ओळीपेक्षा दादामामाचा आजार हजारपट जास्त सांगतो. सख्ख्या भावाला असला की धोका दुपटीहून जास्त, आणि हे प्रत्येक देशात, प्रत्येक अभ्यासात येतं. तेव्हा पीएसए करायचं की नाही, हे मामानं यूरॉलॉजिस्टशी बोलून ठरवायचं. अमेरिकेतलं मार्गदर्शनही २०१८ पासून तेच आहे, की ५५ ते ६९ मधल्या पुरुषानं फायदे-तोटे समजून घेऊन स्वतः ठरवावं. आणि जनुक तपासायचंच असेल तर आधी मामाचं नाही, दादामामाचं. आजार पसरलाय, म्हणजे त्याची बीआरसीए आणि दुरुस्तीच्या जनुकांची रक्तचाचणी व्हायलाच हवी. त्यात काही निघालं तर त्याला ओलापॅरिबसारखं औषध मिळू शकतं, आणि मग तेच एक जनुक मामात आणि आपल्या सगळ्यांत शोधायचं, बायकांतसुद्धा. सुरुवात नेहमी आजारी माणसापासून.

मी म्हटलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

भाची : मी पत्र लिहून देते त्यांच्या डॉक्टरांना.

मामा : ते लिहीच. पण माझा प्रश्न राहिला. काय दिसलं तर तू मानशील, की प्रतिकारशक्तीच्या जनुकानं आजार पुढं जातो?

भाची : सांगते. निदानाच्या दिवशीच रक्त घेऊन ठेवलेलं हवं. माणसं पीएसएच्या दारातून निवडून आलेली नकोत. किमान कोण कुठून आलं त्याची नोंद हवी. मोजायचं ते पीएसएचं वर-खाली नाही, आजार हाडांत गेला का आणि माणूस त्यानं गेला का, ते. कुठला फरक पाहणार हे आधी लिहून ठेवलेलं. आणि मग दुसऱ्या देशात, दुसऱ्या वंशाच्या माणसांत तेच पुन्हा.

मामा : आपल्याकडं? मुंबईची कर्करोग नोंदणी तर १९६३ पासून आहे.

भाची : देशातली पहिली. पण तिथं नाव, वय, गाठ कुठली, माणूस आहे की गेला, एवढं असतं, रक्त नसतं. जीनोम-इंडियानं दहा हजारांच्या आसपास भारतीयांचे जीनोम वाचलेत, पण ती निरोगी माणसं. एकीकडं आजाराची नोंद, दुसरीकडं जनुकं. दोन्ही एकाच माणसाची, हे आपल्याकडं मोठ्या संख्येनं अजून जमायचंय. तुझा क्यू आपल्या लोकांत काय करतो, या प्रश्नाला म्हणूनच कंपनीकडं उत्तर नाही. त्यांनी युरोपातलं २००२ सालचं उत्तर केशरी रंगात छापलंय.

मामा : क्लीव्हलँड युरोपात नाही.

भाची : युरोपीय वंशातलं म्हण मग. मुद्दा तोच.

मामा : मुद्दा तोच, पण चूक ती चूक. आणि असा अभ्यास आज सुरू केला तरी निकाल कधी?

भाची : प्रोस्टेट संथ असतो. पंधरा वर्षं धर.

मामा : मी एकोणऐंशीचा असेन.

भाची : तेव्हाही भांडू. तोवर दादामामाच्या डॉक्टरांचं नाव आणि पत्ता दे.